सकाळची गोळी

दुर्बिणीने तपासलं, तेव्हा आठ वर्षांच्या पोरीच्या पोटाला आतून सूज असल्याचं निघालं. डॉक्टरबाई एकेक कारण बाजूला सारत होत्या. जंतू सापडला नव्हता, आणि तिखटाला पोरगी हातही लावत नव्हती.

"दुखण्याच्या गोळ्या देता का हिला? उपाशीपोटी?"

"छे हो! गोळ्या घरात आहेत, पण माझ्या. दिवसभर मान मोडून शर्टांना काजं करते, डोकं ठणकतं." आईचा आवाज इस्त्री फिरवल्यासारखा सपाट होता.

डॉक्टरबाईंनी पोरीलाच जवळ घेतलं. "तू घेतेस का गं, आईची गोळी?"

पोरीने मान डोलावली. "रोज सकाळी. आई कामाला गेली की."

"का? तुझंही डोकं दुखतं?"

"नाही. बाबा वारले ना, तेव्हापासून आई सकाळी त्यांचा फोटो पुसते आणि गोळी घेते. मग ती रडत नाही. म्हणून मीपण घेते."

आईने पर्समधलंही गोळ्यांचं एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. तिचे डोळे कोरडे ठाक होते. आजची गोळी तिने सकाळीच घेतली होती.