राजनमामाचं हृदय

२०२० सालच्या भाऊबीजेला नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपमध्ये आभाळ मोकळं होतं, एवढंच काय ते चांगलं. कोविडमुळे घरी कुणाला बोलवायचं नव्हतं, कुणाकडे जायचं नव्हतं. दिवेलागणीला सुनीतीबाई निरांजन घेऊन मागच्या अंगणात आल्या आणि चंद्रकोरीला ओवाळू लागल्या. फेब्रुवारीत मुलाकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या. मिरजेला परतणं लांबतच गेलं होतं.

नातू ईशान पायरीवर बसून फुटबॉलच्या बुटांचे बंद बांधत होता. "आजी, हू इज दॅट फॉर?"

"भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात," सून ऋतानं त्याला सांगितलं. "तुम्हाला भाऊ नाही म्हणूनच ना, आई?"

सुनीतीबाई कालव्याकडे बघत होत्या. मुलगा अभिराम फिरून परत येत होता आणि रोजच्यासारखा पुलाचा चढ संपल्यावर कठड्याला टेकून बदकं बघत थांबला होता.

"होता," त्या म्हणाल्या. "राजन. सतरा वर्षांचा. मैदानात पळता पळता पडला, तो उठलाच नाही."

ऋताच्या हातातलं ताम्हन तसंच राहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. अभिरामनंही नव्हतं.

"मला मामा होता?" अंगणात येताच ऋताकडून ऐकून तो मफलरखालून जबडा चोळत म्हणाला. "आणि तू आज सांगतेस?"

"घरात त्याचं नाव काढत नसत. आणि सुमेधापुढे चुकूनही काढू नका. तिच्या डोळ्यांसमोर पडला तो. तिला अजून सोसत नाही."

सुमेधामावशी सांगलीत होती. तिला कोण कशाला विचारायला जातं?

सुनीतीबाईंनी जन्मभर मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवली होती. ईशान सरावाला गेल्यावर त्यांनी टोपलीतलं एक पेअर उचललं, पूजेतला लाल दोरा घेतला आणि ऋताला समोर बसवलं.

"हे हृदय. सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण पोटात भरलेल्या रक्तातून स्वतःला जवळजवळ काही घेत नाही. त्याला स्वतःच्या नळ्या लागतात. महाधमनी सुरू होते तिथेच दोन फुटतात, एक उजवी, एक डावी." दोरा पेअरवरून खाली उतरला. "डावीची ही फांदी पुढून जाते. राजनची डावी भलत्याच जागी फुटली होती, दोन मोठ्या वाहिन्यांच्या चिमटीत. पळताना चिमटा बसला."

"हे घराण्यात उतरतं?"

"उतरू शकतं."

"आई, तू मेलेल्यांची मास्तरीण," अभिराम सोफ्यावरून म्हणाला. "उन्हाळ्यात माझ्या दाढेच्या मागे लागली होतीस, डॉक्टरला दाखव म्हणून. आता पोराच्या हृदयामागे."

"तू दाखवलीस का?"

"दाढच आहे ती. जाईन कधीतरी."

त्या दिवसापासून ऋताला चैन पडेना. पालकांना मैदानावर मनाई होती. ती कुंपणाबाहेर सायकल धरून उभी राही. ईशान पळाला की तिचा श्वास अडके, थांबला की जास्तच. घरी येऊन ती त्याला गुपचूप विचारी, "धडधडतंय का रे?" तो म्हणे, "मम, स्टॉप इट."

हाउसआर्त्स, म्हणजे घरचा डॉक्टर, फोनवरच भेटत होता. मुलाला चक्कर नाही, छातीत दुखत नाही, हॉस्पिटलं कोविडनं भरलेली, थांबा, म्हणाला. ऋतानं राजनमामाची गोष्ट सांगितली. मग आजीशी बोलायचं म्हणाला. सुनीतीबाई त्याच्याशी इंग्रजीत बराच वेळ बोलल्या. तपासणीसाठी चिठ्ठी मिळाली. हॉस्पिटलनं कळवलं, दोष आजीच्या माहेरचा असेल तर आधी वडिलांचा स्कॅन करू, मग मुलाचा.

"माझा कशाला?" अभिराम म्हणाला. "मला काय धाड भरलीय?"

"मग राहू दे," सुनीतीबाई म्हणाल्या. "ईशानचंही राहू दे. मी कुणावर जबरदस्ती करत नाही." आणि त्या ऋताकडे बघत राहिल्या.

"पोरासाठी एवढंही नाही करणार?" ऋता म्हणाली. अभिरामनं त्यानंतर वाद घातला नाही.

जानेवारीत दोघांचे स्कॅन झाले. निकालाच्या दिवशी सुनीतीबाई सकाळपासून खिडकीत होत्या. दुपारी ईशान धावत आत आला. "आजी, आय ॲम क्लीन!" त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला, नजर मात्र त्याच्या मागे, दारावर होती.

ऋता एकटीच आत आली.

"ह्यांना तिथेच ठेवून घेतलंय. राजनमामासारखं नाही काही. पण डाव्या नळीच्या तोंडाशीच... जवळजवळ बंद आहे, म्हणाले. जबडा दुखायचा तो त्यामुळेच. उद्या ऑपरेशन."

सुनीतीबाई खाली बसल्या. "वेळेत सापडलं ना?"

"डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभरसुद्धा..."

"मग झालं," सुनीतीबाई म्हणाल्या आणि पेअर चिरायला घेतलं.

अभिरामची बायपास झाली. तो आता पूल एका दमात ओलांडतो. बदकांची त्याला आठवणही येत नाही. "मामानं वाचवलं मला," असं तो येईल त्याला सांगतो, आणि दर भाऊबीजेला राजनमामाच्या नावानं एक जास्तीचं ताट वाढायला लावतो. ईशान रॉटरडॅमला शिकतो आणि अजून फुटबॉल खेळतो. सुनीतीबाई पुढच्या पावसाळ्यात मिरजेला परतल्या. २०२३ मध्ये झोपेतच गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह कॉलेजला दिला.

तेराव्याला ऋतानं सुमेधामावशीला फोन केला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मावशी, इतक्या वर्षांनी आईंना राजनमामा भेटले असतील."

"कोण राजन?" मावशी म्हणाली. "अगं, आम्ही दोघी बहिणीच. म्हणून तर जन्मभर चंद्राला ओवाळलं."