परतीचे दिवे

टेम्पो शाळेपुढे थांबला, तशी बनुबाई पुढे झाली आणि चाकासमोर येऊन बसली. तिच्या बाजूला नऊ गोण्या होत्या.

भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत आज सौर दिवे वाटायचे होते. पावसाळ्यात इथली वीज गेली की आठ-आठ दिवस येत नाही, म्हणून झाडून सगळे जमले होते. दिवे बनवणाऱ्या कंपनीचा माणूस, अमृत कुलथे, यादी घेऊन खाली उतरला.

"मावशी, उठा. तुमचंही नाव आहे यादीत."

"आसंल. आदी ह्ये न्या." बनुबाईनं एका गोणीचं तोंड सोडलं.

याच कंपनीनं चार वर्षांपूर्वी वाटलेले दिवे होते ते. काचा फुटलेल्या, बॅटऱ्या फुगून उललेल्या. बंद पडले तसे लोकांनी ते वाडीच्या पिण्याच्या झऱ्याच्या वरच्या घळीत फेकून दिले होते. झऱ्याच्या पाण्यावर तवंग दिसला, त्या दिवसापासून बनुबाई एकटी घळीत उतरून ते वेचत होती. तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"मला दिवे आणायला सांगितलंय, न्यायला नाही," अमृत म्हणाला. "तुम्हाला नको असतील तर मी पुढच्या वाडीला देतो."

गर्दी चुळबुळली. बनुबाईचा धाकटा दीर हनुमंत तरातरा पुढे आला.

"वैनी, उठा. सगळ्या वाडीला अंधारात बसवता का?"

"मला बी उजेड पायजे, भाऊजी. पन जुनं तसंच पडून ऱ्हायलं आन त्येच्यावर ह्ये नवं पडलं, तर पोरांनी पानी कुठलं प्यायचं?"

हनुमंतनं तिच्याकडे पाठ फिरवली.

तेवढ्यात शाळेच्या निकिताबाईंनी नव्या दिव्याचं एक खोकं उघडलं. आतला कागद काढून त्यांनी मोठ्यानं वाचला : "निकामी झालेले दिवे परत नेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे." मग कागद अमृतपुढे धरला. "सरकारचा नियम आहे, साहेब. छापलाय तुमच्याच कंपनीनं."

अमृतनं तो कागद दोनदा वाचला. मग रेंज मिळते त्या टेकाडावर तो फोन घेऊन चढला.

अर्धा तास गेला. बनुबाईशी कोणी बोललं नाही. ती उन्हात तशीच बसून राहिली.

अमृत खाली आला तेव्हा घामाघूम झाला होता. "न्या म्हणालेत. कंपनीचा एका कारखान्याशी करार आहे. तिथं हे सगळं सुटं करून त्यातला धातू काढतात. चला, उठा आता."

बनुबाई उठली नाही.

"कारखान्यातच जाईल ना? का घाटात वतून मोकळं व्हाल? खाली धरान हाय. तिथलं पानी बी मान्संच पित्यात."

अमृत तिच्याकडे बघतच राहिला. धरणाखालच्या त्या माणसांपैकी एकालाही ती ओळखत नव्हती.

"नाही ओतणार, मावशी."

"मंग तसं लिवून द्या."

त्यानं यादीच्या मागं लिहून सही केली. निकिताबाईंनी ते वाचून दाखवलं. तेव्हा कुठं बनुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पहिली गोणी हनुमंतनं खांद्यावर घेतली.

नवे दिवे वाटून झाले. जुन्यांच्या गोण्या घेऊन टेम्पो उतार उतरू लागला.

पुढच्या वाडीच्या फाट्यावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला दहा-बारा बाया डोक्यावर पाट्या घेऊन उभ्या होत्या. वरच्या वाडीतली बातमी टेम्पोच्या आधीच खाली पोचली होती. पाट्यांमधून जुन्या दिव्यांच्या फुटक्या काचा उन्हात चमकत होत्या.

ड्रायव्हरनं अमृतकडे पाहिलं. "साहेब, जाऊ का पुढं?"

अमृत आधीच खाली उतरला होता. सगळ्यात पुढच्या म्हातारीची पाटी त्यानं दोन्ही हातांनी खाली घेतली.