चांगुणाची सुपरहिट गाणी

चांगुणाबाईंनी प्लेअरचं बटण दाबून सीडी मध्येच थांबवली.

"हा आवाज माझा नव्हेच! 'चांगुणाची वीस सुपरहिट गाणी' म्हणून फोटो माझा लावला आणि गाऊन घेतलं कुण्या पोरीकडून. उद्याच्या सीडीच्या प्रकाशन समारंभाला मी येणार नाही."

जुन्या टेप खराब झाल्या की कंपन्या असंच करतात, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

चाळीस वर्षं त्यांच्यामागे ढोलकी वाजवणाऱ्या बाळारामनं हसत तिसरं गाणं लावलं. दुसऱ्या कडव्यात गाणारीनं ओळीच्या मधेच श्वास घेतला.

"हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा सातवा महिना होता तुला," तो म्हणाला. "दम पुरेना. कंपनीचे साहेब पुन्हा घेऊ म्हणाले, तर तू त्यांनाच झाडलंस."

चांगुणाबाईंनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग बाळारामकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"इतकं गोड गात होते मी? मग मेल्या, तेव्हा एकदा तरी बोललास का?"