हूं येईपर्यंत

दोन चालींत मात होती, आणि लीलाधर वारके हरले. पटावर त्यांचा वजीर, दोन्ही हत्ती आणि प्रतिष्ठा शाबूत होती. फक्त घड्याळातली पाच मिनिटं संपली होती. पडद्यावर इंग्रजीत तसं लिहून आलं. जगात कुठंतरी बसलेल्या प्रतिस्पर्ध्यानं दोन टिंबं आणि एक कंस पाठवला. म्हणजे तो हसला होता.

वारके सर कॉलेजात गणित शिकवत. खानदेशात त्यांच्याइतकं बुद्धिबळ कुणाला येत नाही, यावर जळगाव आणि धुळ्याचं एकमत होतं. या दोन गावांचं एकमत व्हावं असे विषय फार नाहीत. पण ते दुपारभर चालणाऱ्या डावांत. छगनच्या सायबर कॅफेत, इंटरनेटवरच्या पाच मिनिटांच्या डावांत, सर कुणाकडूनही हरत, आणि नेहमी जिंकता जिंकता हरत. येत्या रविवारी धुळ्याच्या बुद्धिबळ मंडळाचा सुरतेशी इंटरनेटवर सामना होता. मंडळाचे चिटणीस पंडित पाटील यांनी फोनवर अदबीनं कळवलं होतं, की पहिल्या पटावर सरांचंच नाव लिहिलंय, पण पेन्सिलीनं.

सरांना तो पट हवा होता. पन्नाशी उलटल्यावर इतकं काही हवंसं वाटलं, याचं त्यांना स्वतःलाही नवल वाटे.

जळगावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी चष्मा बदलायला सांगितला, कुणी टेलिफोन खात्याला दोष दिला. प्राचार्यांनी केळी कमी खा म्हटलं, आणि या केळीच्या गावात असं बोलल्याबद्दल स्टाफरूममध्ये त्यांचा चहा सगळ्यांत शेवटी आला. खरं कारण एकट्या छगनला दिसत होतं. तो पारोळ्याकडचा, घाईत असला की घरची बोली बोले.

"सर, घोडा धरीसन काब्रं बठतस? सोडा ना आते."

सर माऊसचं बटण दाबून घोडा नव्या घरावर अधांतरी धरून ठेवत. सोडत नसत. कारण "हूं" आलेला नसे.

दाणा बाजारात जवरीलाल शेठची पेढी होती. कॉलेज सुटलं की वारके सर तिथं गादीवर. वर्षानुवर्षं हेच. शेठ एका हातानं गिऱ्हाईकाच्या ज्वारीचा दाणा पारखत आणि दुसऱ्या हातानं डाव खेळत. त्यामुळे पेढीचा नियमच पडला होता. सोंगटी नव्या घरात ठेवायची, बोटं काढायची नाहीत, चाल तोंडानं सांगायची, आणि शेठ "हूं" म्हणाले की सोडायची. सौद्यालाही तोच नियम. "हूं" आला की शब्द पक्का. तोवर दोघंही मोकळे.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी सरांनी घोडा ठेवला, चाल सांगितली आणि थांबले. शेठ लोडाला टेकून पटाकडे बघत होते. चाल अवघड होती. शेठना इतका विचार करायला लावल्याचा सरांना थोडा अभिमानही वाटला. ते बोट घोड्यावर ठेवून बसून राहिले. मग हमाल पाणी घेऊन आला, त्यानं शेठच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तांब्या त्याच्या हातून पडला.

तेव्हापासून "हूं" येतो. कॅफेत प्लायवूडच्या फळीपलीकडून येतो, तसाच घोगरा, दाण्याची धूळ घशात गेल्यासारखा. पण उशिरा येतो, आणि डाव जिंकत आला की येतच नाही. सरांनी एकदा फळीपलीकडे डोकावून पाहिलं होतं. तिथं बंद पडलेला प्रिंटर होता.

शनिवारी ते शेठच्या पत्नी सुगनबाईंकडे गेले. गणिताच्या माणसाला हे बोलणं जड गेलं. शेठचा जीव डावात अडकलाय, तुमच्यात काही शांती वगैरे करत असतील तर करावी, असं काहीतरी ते म्हणाले. सुगनबाई नुकत्याच सामायिक, म्हणजे जैनांचं रोजचं ध्यान, आटोपून उठल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

"आमच्यात जीव अडकत नाही, वारकेभाऊ. इथून सुटला की त्याच क्षणी दुसरा जन्म. पापणी मिटायला वेळ लागतो, त्याला तेवढाही लागत नाही."

"मग तो आवाज कुणाचा, भाभी?"

"ते मला काय माहीत? हमाल आला त्याच्या आधीच हे पोचले होते. थांबले तुम्ही. अजून बसलेलेच आहात."

मग त्यांनी सरांपुढे खाकरे ठेवले. दारात आलेल्याला त्या घरातून उपाशी पाठवत नसत, भूत असलं तरी.

रविवारी पहिल्याच डावात सरांनी उंट उचलला आणि कुणाला न विचारता सोडला. "हूं" आला, पण चाल गेल्यावर. दुसऱ्या डावात तो आणखी मागे पडला. सर पुढच्या चालीत असत आणि फळीपलीकडून मागच्या कुठल्यातरी चालीला होकार येई, मागून धावत आल्यासारखा, धाप लागलेला. एकदा सरांचा हात थबकला. त्याला गाठू द्यावं असं वाटलं. घड्याळ पळत होतं. त्यांनी वजीर सोडला.

शेवटच्या डावात आवाज आला नाही.

सर सगळे डाव जिंकले. छगननं चहा मागवला. धुळ्याहून पंडित पाटलांचा फोन आला, मागे मंडळातल्या लोकांचा गलका ऐकू येत होता. चार दिवसांत असं काय केलं, सर? कुठलं पुस्तक वाचलं?

सरांनी रिसीव्हर बाजूला धरून फळीकडे कान लावला. फळीपलीकडे काहीच नव्हतं. पंडितांना वाटलं लाइन गेली, ते हॅलो हॅलो करू लागले.

"काही नाही," सर म्हणाले. "आज एकटा खेळलो."