मोडीत

विलायतेत म्हणे नेमून दिलेली जेवणं जेवली की माणूस बॅरिस्टर होतो. जानकीबाईंच्या चारही पाटल्या धाकट्या भावाच्या, कृष्णाच्या, त्या जेवणांतच मोडल्या. चार वर्षांनी तो देवासला परतला, तशा जानकीबाई दिरानं बळकावलेल्या सोनकच्छच्या शेताचा दावा घेऊन त्याच्याकडे गेल्या.

"ताई, कोर्टात एका पेशीला उभं राहायचे माझे दीडशे रुपये. तू घरची, तर सव्वाशे दे."

पदराची गाठ सोडून जानकीबाईंनी एक जुना कागद त्याच्यापुढे धरला.

त्यानं नजर टाकली अन् परत दिला. "हे मोडीत आहे गं. मोडी विसरलो मी. बाहेर कुणाकडून वाचून घे."

बाहेर, कचेरीसमोर, म्हातारा अर्जनवीस शालिग्राम बसायचा. त्यानं दोन आणे घेतले, चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं, "'बॅरिस्टर होऊन आलो की ताईचा दावा एक पैसा न घेता लढवीन.' वा, क्या बात है! अन् अक्षर तर मोत्यासारखं, बाई. कोणाचं?"

"भाऊ होता एक," जानकीबाई म्हणाल्या. "विलायतेला गेला."