अमेरिकेच्या साहेबाचे प्रश्न

“माझ्या चहात साखर किती?” खुर्शीदनं विचारलं, आणि हुसेनमियाँ पुन्हा नापास झाले.

ते छातीठोकपणे म्हणाले होते, दोन चमचे. खुर्शीद बिनसाखरेचा चहा पिते. आजकाल नव्हे, नूरैन पोटात होती तेव्हापासून. आणि त्या नूरैनच्या लग्नालाच आता तीन वर्षं झालेली.

“साहेबाला हेच सांगणार?” खुर्शीदनं शांतपणे कप खाली ठेवला. “मग मुलीला घ्या परत बोलावून.”

हुसेनमियाँनी घाईघाईनं घोकलं, बिनसाखरेचा, बिनसाखरेचा.

सगळं त्या कार्डापायी चाललं होतं. नूरैनचा नवरा हाशिर शिकागोचा, अमेरिकेचा नागरिक. लग्नानंतर तिला तिथं राहायचं कार्ड मिळालं, पण दोन वर्षांचं, अटीचं. ती मुदत संपत आली की नवराबायकोनं मिळून सरकारला पटवून द्यायचं, आमचा संसार खरा आहे, कार्डासाठी मांडलेला नाही. पटलं तर अट निघते, नाहीतर गाठोडं बांधा. हुसेनमियाँना यात काही नवल वाटलं नाही. सौदीतल्या यान्बूच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची उमर गेली होती. इथं परदेशी माणूस राहतो तो कफिलाच्या, म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाच्या भरवशावर; नवरा म्हणजे तिचा कफील, एवढं त्यांनी झटकन ओळखलं.

मुलगी आणि जावई मक्केला उमऱ्याच्या यात्रेला आले तेव्हा त्यांच्याकडे आठवडाभर राहिले होते. म्हणून साक्षीदार म्हणून आईबापांच्या सह्या लागल्या. सह्या झाल्या, कागद गेले. हुसेनमियाँ म्हणाले, खलास. खुर्शीद म्हणाली, खलास कसलं? आता साहेब साक्षीदारांना फोन करणार, आणि आधी त्यांचाच संसार तपासणार. ज्याला स्वतःची बायको ठाऊक नाही, त्यानं दुसऱ्याच्या संसाराची ग्वाही काय म्हणून द्यायची?

हे त्यांना पुरतं पटलं, आणि तिथंच घाम फुटला. निकाहाला पस्तीस वर्षं झाली खरी, पण ते इथं आणि बायको रत्नागिरीकडच्या गावी. दीड-दोन वर्षांनी महिन्याची सुट्टी, त्यातली निम्मी इथल्या लोकांनी दिलेली पार्सलं घरोघर पोचवण्यात जायची. मुलं मार्गी लागल्यावर, गेल्या साली, खुर्शीद कायमची यान्बूला आली. अमेरिकेच्या हिशेबानं नूरैनचं राहू द्या, त्यांचंच लग्न खोटं ठरायचं. आपल्या अडाणीपणानं पोरीचा संसार मोडला तर तोंड कुठं लपवायचं, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

खुर्शीदनं दोन गोष्टी बजावल्या. काही लिहून ठेवायचं नाही, साहेबाला वाचून बोलणारा माणूस लगेच कळतो. आणि नूरैनजवळ फोनवर अवाक्षर काढायचं नाही. सरकारी काम आहे, लोक ऐकत असतात. नूरैनचा फोन आला की तीच उचलायची, तीच बोलायची, आणि शेवटी यांच्या वाट्याला सलामापुरता द्यायची.

मग रोज ऊन कलल्यावर, असरच्या नमाजानंतर दोघं समुद्राकाठी थर्मास घेऊन बसू लागली. बायकोला कुठला मासा आवडत नाही? बांगडा. कशाची भीती वाटते? विहिरीत डोकावायची. हुसेनमियाँ कामावर पाना-बोल्ट मोजताना पुटपुटत. सोबतीचा गफूर म्हणाला, काय चाललंय? ते म्हणाले, इम्तिहान. गफूर पोट धरून हसला.

मध्येच एका मंगळवारी खुर्शीदनं सांदणं केली आणि शेजारीपाजारी वाटून आली. सण ना वार, हे कशाबद्दल? मन झालं, म्हणाली. त्यांनी चार खाल्ली, आणि बायको मन झालं की सांदणं करते, हेही घोकून ठेवलं.

प्रश्न दिवसेंदिवस अवघड होत गेले.

“नूरैन झाली तेव्हा बायकोजवळ कोण होतं?”

ती बातमी त्यांना इथं फोनवर कळली होती. त्यांनी अख्ख्या कॅम्पला खजूर वाटला होता. पण तिच्याजवळ कोण होतं, हे विचारायचं राहूनच गेलं. “तुझी आई?” ते चाचरत म्हणाले.

“आई तापानं फणफणली होती. शेजारची श्यामलाकाकू होती. सुटका होईपर्यंत माझा हात धरून बसली.”

हुसेनमियाँनी हातातला कप खाली ठेवला. त्यांना स्वतःची लाज वाटली, भरपूर वाटली. मग म्हणाले, “हेही विचारतात?”

“फार कडक आहेत मेले,” खुर्शीद म्हणाली आणि त्यांच्या कपात चहा ओतला.

दुसऱ्या दिवसापासून हुसेनमियाँच प्रश्न विचारायला लागले. लग्नाआधी तू कुणाबरोबर खेळायचीस? मी विमानतळाकडे निघायचो तेव्हा तू दारात का येत नव्हतीस? खुर्शीद भुवया उंचावून बघायची. साहेबाचं काय सांगावं, ते म्हणायचे, आणि उत्तर ऐकायला सरसावून बसायचे. येताना तिच्यासाठी डाळिंबं आणायचे. तीही आता गाणं गुणगुणत भाकरी थापायची.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजाहून ते घरी आले तेव्हा ती आत सुरमई तळत होती. फोन बाहेर वाजला. नूरैन होती. हुसेनमियाँनी दाराकडे एक नजर टाकली, फोन उचलला आणि दबक्या आवाजात विचारलं, “बेटा, साहेब फोन कधी करणार? माझी तयारी पक्की झालीय.”

“कुठला साहेब, अब्बा? साक्षीदारांना कोण फोन करतंय? आणि कार्ड तर गेल्या महिन्यातच आलं, अट निघाली. अम्मीला त्याच दिवशी सांगितलं की मी. खुशीत सांदणं करून वाटली म्हणाली.”

त्यांनी फोन हळूच खाली ठेवला. खुर्शीद ओढणीला हात पुसत बाहेर आली. “कुणाचा होता?”

“नूरैनचा,” हुसेनमियाँ म्हणाले. “साहेबानं तारीख पुढे ढकललीय म्हणे, बरीच पुढे. बस इथं, आजचा प्रश्न विचार.”