लेफ्ट फील्डचा कोपरा

लिलावात मुतारीच्या भांड्यालाही गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा एमिल व्रोबेलने तोंड फिरवलं.

टगर्स संघाचं जुनं बेसबॉल मैदान मोडायला काढलं होतं. पोर्ट हॅलमच्या गोदी कामगारांच्या चार पिढ्या इथे ओरडून ओरडून घसा बसवून घरी गेल्या होत्या. अठ्ठावन्न साली संघ विजेता ठरला, तेव्हा लोकांनी या गवतावर लोटांगणं घातली होती. आता त्यांचीच मुलं-नातवंडं लाकडी खुर्च्या, कठड्याचे गज, दारांच्या कड्या खांद्यावर टाकून निघाली होती. मयताच्या घरातली भांडी पळवावीत तशी.

एमिलने अडतीस वर्षं इथली माती राखली होती. तण हाताने उपटलं, औषधाचा एक थेंब कधी पडू दिला नाही. साऱ्या गावात त्याचा तोच लौकिक होता.

"एमिल, इथे सह्या करा." संघाचा तरुण मालक प्रेस्टन गिफर्डने त्याच्यापुढे बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरकवला. टेबलावर मैदानाची माती भरलेल्या बाटल्या विकायला मांडल्या होत्या. "मधली माती संपत आली. आता डावीकडचा, लेफ्ट फील्डचा कोपरा खणतोय. तुमची सही दिसली की लोक डोळे झाकून विकत घेतील."

"तुझे आजोबा या मातीवर कुणाला थुंकू देत नव्हते."

"आजोबा गेले. आणि गेलेल्यांच्या वस्तूंनाच तर आज सगळ्यात जास्त भाव येतोय!" प्रेस्टन हसला. "संघाच्या त्या म्हाताऱ्या पिचरच्या कवळीवर लोक अक्षरशः तुटून पडले."

पलीकडे खणायचं यंत्र धडधडत कोपऱ्याकडे वळलं. एमिलने पेन खाली ठेवलं.

"ती माती विषारी आहे," तो बाटल्यांसाठी लागलेल्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. "तीस वर्षं तणाचं, उंदरांचं, मिळेल ते जहर ओतलंय मी तिथे. हाताला लागलं तर फोड येतील."

कुणाच्या तरी हातून बाटली पडून फुटली. बर्नाडेट केल्सो रांग सोडून पुढे आली. चाळीस वर्षं तिने एकही सामना चुकवला नव्हता.

"अरे मेल्या! माझी पोरं त्या कोपऱ्यात लोळायची रे! आणि तू तोंड वर करून सांगायचास, तण हाताने उपटतो म्हणून?"

"सांगायचो."

ती त्याच्या बुटांवर थुंकली. मागून कुणीतरी अर्वाच्य शिवी हासडली. एमिल मान खाली घालून उभा राहिला.

"शी!" प्रेस्टनने रुमालाने हात खसाखसा पुसले. "यंत्र मागे घ्या! त्या कोपऱ्याला कुणी हात लावू नका. वरून भराव टाका आणि झाकून टाका. बोभाटा नकोय मला."

यंत्र मागे फिरलं. लोक बाटल्या परत करायला टेबलाभोवती गर्दी करू लागले. एमिल जवळून गेला तेव्हा त्यांनी अंग चोरून त्याला वाट दिली.

तो लेफ्ट फील्डच्या कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला आणि गवतावर हात ठेवला. टगर्सला जीव लावून गेलेल्या सव्वीस माणसांची राख त्यांच्या घरच्यांनी एकेक करून, गुपचूप त्याच्या हाती सोपवली होती, आणि ती त्याने इथेच मातीत मिसळली होती. सत्ताविसावी त्याच्या बायकोची, लॉरेनची होती.